सगळ्या घराला झेपेल असा कुत्रा निवडताना: दुपारी घरात कोण असतं, तिथून सुरुवात करा

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट नाही. तुम्ही आणि मिसेस दोघंही नोकरीला, सकाळी साडेनऊला घर सोडता ते संध्याकाळी साडेसहाला परत. मुलगी 11 वर्षांची, तिला गोल्डन रिट्रीव्हर हवाय. मुलगा 6 वर्षांचा, गल्लीतली कुत्री मागे लागल्यापासून कुत्रं दिसलं की तुमच्या पायाला बिलगतो. तुमचं स्वतःचं लहानपण मंगळवेढ्याकडच्या वस्तीवर कुत्र्यांच्या संगतीत गेलं, म्हणून तुमचा जीव जर्मन शेफर्डवर. मिसेसचं म्हणणं एवढंच की घरभर केस नकोत, आणि त्यांना धुळीने शिंकाही येतात. आई 68 वर्षांच्या, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. कुत्रा देवघराकडे फिरकता कामा नये ही त्यांची अट. बजेट 30 हजार. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, सगळ्यांना चालेल असं एक ब्रीड सांगा.

मी सोलापुरात पाळीव प्राण्यांचा दवाखाना चालवते. पिल्लाला घेऊन पहिल्यांदा येणारी कुटुंबं बघते, आणि तीच कुटुंबं वर्षा-दीड वर्षाने कुत्रा कुणाला तरी द्यायचाय म्हणून विचारायला येतात तेव्हाही बघते. त्या दुसऱ्या भेटीत ब्रीड वाईट निघालं असं क्वचित ऐकायला मिळतं. बहुतेक वेळा ऐकू येतं ते असं: "डॉक्टर, दिवसभर सासूबाईंनाच बघावं लागतंय, त्यांना होईना झालंय." त्यामुळे ब्रीडचं पुढे बोलू. आधी तुमच्या घराचं वेळापत्रक मांडून बघू.

साडेनऊला तुम्ही दोघं गेलात, मुलं शाळेत गेली. तिथून मुलं परत येईपर्यंत कुत्र्यासोबत आई एकट्या. मुलं आली तरी मोठं माणूस म्हणून घरात आईच. त्याला पाणी दिलं का, त्याने कार्पेटवर शू केली का, दार वाजल्यावर तो भुंकतोय ते कुरियरवाल्यावर की पोळ्यावाल्या मावशींवर, सगळं त्यांच्या वाट्याला. कागदावर कुत्रा मुलीचा असेल किंवा तुमचा असेल, दिवसाचे नऊ तास तो आईंचा असणार आहे. तुम्ही त्यांची देवघराची अट लिहिलीत, पण त्यांना कुत्रा हवाय का, हे कुठेच लिहिलं नाहीत. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. घरातल्या सगळ्यात उत्साही माणसाकडे बघून कुत्रा निवडला की तो उत्साही माणूस घरात असेपर्यंतच सगळं सुरळीत चालतं. जो सगळ्यात जास्त वेळ घरी असतो आणि ज्याचं शरीर सगळ्यात कमी साथ देतं, त्याला झेपेल असा कुत्रा निवडा. बाकीच्यांचं त्यात आपोआप जमतं.

आणखी एक हिशेब. मध्यम आकाराचा निरोगी कुत्रा 12 ते 14 वर्षं जगतो. मुलगी आज 11 वर्षांची आहे. अठराव्या वर्षी ती बहुधा शिकायला पुण्याला किंवा आणखी कुठे जाईल. कुत्रा तेव्हा निम्म्या वयाचा असेल आणि आई पंचाहत्तरीच्या. मुलीचा हट्ट खोटा आहे असं मी म्हणत नाही. अकरा वर्षांची मुलगी कुत्र्यावर जीव लावते, त्याला शिकवते, त्याच्याशी तासन्‌तास बोलते, हे फार मोलाचं आहे. पण जबाबदारी तिच्या नावावर टाकू नका. परीक्षा असली की ती फिरवायला जाणार नाही, आणि त्यावरून तिला रोज बोलणी खायला लागली तर दोघांचंही नातं बिघडतं.

आता आईंच्या गुडघ्याकडे येते. लॅब्रेडॉर हे आपल्याकडे 'फॅमिली डॉग' म्हणून सगळ्यात आधी सुचवलं जाणारं नाव, आणि स्वभावाने तो खरोखरच गोड. पण दहा महिन्यांचा लॅब 25-30 किलोचा असतो आणि डोक्याने अजून पिल्लूच असतो. होटगी रोडच्या एका घरातल्या आजी माझ्याकडे यायच्या त्यांच्या लॅबला घेऊन. पट्टा हातातून सुटू नये म्हणून त्या त्याचा फास मनगटाभोवती दोनदा गुंडाळायच्या. एके दिवशी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर असताना समोरून मांजर गेलं. कुत्रा उडाला, आजी मागोमाग ओढल्या गेल्या, मनगट मोडलं. कुत्र्यात काहीच खोट नव्हती, त्याने त्याच्या वयाला साजेसंच केलं. पट्टा मनगटाला गुंडाळू नये हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते, पण खरा मुद्दा वजनाचा आहे. जो कुत्रा आईंना ओढू शकेल, तो तुमच्या घरासाठी मोठा आहे.

हाच वजनाचा मुद्दा जिन्यालाही लागू होतो. लॅब, गोल्डन आणि जर्मन शेफर्ड या तिन्ही जातींत खुब्याच्या सांध्याचा दोष, म्हणजे हिप डिस्प्लेसिया, बराच आढळतो. दुसरा मजला, लिफ्ट नाही, दिवसातून तीन वेळा खाली-वर. आठ-नऊ वर्षांचा झाला की असा कुत्रा जिन्यापाशी बसून राहतो, आणि 30 किलोचं जनावर उचलून वर न्यायला रोज तुम्हीच घरी असावं लागतं. 15 किलोचा कुत्रा मिसेससुद्धा उचलू शकतील.

मग सोलापूरचं ऊन. याबद्दल मी थोडं विस्ताराने लिहिणार आहे, कारण दुकानदार आणि ब्रीडर याबद्दल बोलत नाहीत. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा 42-43 अंशांवर जातो. माणसाला घाम येतो, कुत्र्याला तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना येतो. त्याचं शरीर थंड होतं ते धापा टाकून, जिभेवरून आणि श्वासनलिकेतून पाण्याची वाफ जाऊन. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. ते 106 च्या पुढे गेलं की आतले अवयव निकामी व्हायला लागतात. ज्यांचं नाकच चपटं आहे, म्हणजे पग, बुलडॉग, शिह त्झू, त्यांचा श्वासाचा रस्ता मुळात अरुंद असतो. धाप लागते पण शरीर थंड होत नाही. मे महिन्यात दुपारी माझ्या टेबलावर आलेला पग डोळ्यांसमोर आणा: जीभ विटेसारखी लालभडक, लाळ चिकट तारेसारखी लोंबणारी, पाय लटपटणारे, आणि अंगावर ओला सोलापुरी टॉवेल घट्ट गुंडाळलेला. टॉवेल घरच्यांनी प्रेमाने गुंडाळलेला असतो, पण थोड्या वेळात तो गरम होतो आणि उष्णता आतच कोंडून ठेवतो. असं झालं तर अंगावर साधं गार पाणी ओतत राहायचं, पोट, जांघा आणि पंजे भिजवायचे, जोरात पंखा लावायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा.

हस्कीबद्दल तुम्ही विचारलं नाही, बरं केलंत. पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते, बर्फात गाड्या ओढायला तयार झालेला हा कुत्रा सोलापुरात एसीशिवाय ठेवणं ही त्याला रोजची शिक्षा आहे. उन्हाळ्यात त्याचे केस मशीनने काढून टाकले की त्याला बरं वाटतं, हाही गैरसमज. दुहेरी केसांचा तो थर उन्हापासूनही वाचवतो.

आता तुमच्या यादीतली ब्रीड्स. गोल्डन रिट्रीव्हर मुलांशी मऊ वागतो, पण लांब केस, वर्षभर गळती, आणि त्या केसांत लपणाऱ्या गोचिड्या. आपल्या भागात गोचिडीतून होणारा टिक फीवर वर्षभर दिसतो, पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्तच. रोज विंचरून बोटांनी तपासायला कुणाला तरी अर्धा तास लागेल. तो कुणी तुमच्या घरात मला दिसत नाही, आणि मिसेसची केसांची अट पहिल्याच आठवड्यात मोडते. जर्मन शेफर्ड हुशार, निष्ठावान, पण त्याला काम लागतं. नऊ तास फ्लॅटमध्ये नुसता बसलेला शेफर्ड स्वतःच काम शोधतो, आणि ते काम म्हणजे दारावर येणाऱ्या प्रत्येकाला अडवणं. तुमच्या मुलांचे मित्र येतात, आईंकडे शेजारच्या बायका येतात. ज्या घरात माणसांची ये-जा जास्त, तिथे हा कुत्रा अनुभवी हातात असावा लागतो. केसही भरपूर गळतात.

तुम्ही वस्तीवरचे कुत्रे आठवून लिहिलंय, म्हणून कारवानीबद्दलही बोलते, ज्याला मुधोळ हाउंड असंही म्हणतात. आपल्या आणि शेजारच्या कर्नाटकातल्या मुधोळच्या पट्ट्यात हा सडपातळ, लांब पायांचा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या शिकारीला आणि राखणीला आहे. टपाल खात्याने 2005 साली मुधोळ हाउंडवर तिकीटही काढलं. ऊन सोसतो, केस आखूड, आजार कमी. मला स्वतःला फार आवडतो. पण तो नजरेने शिकार करणारा, पळण्यासाठी घडलेला प्राणी आहे. मोकळं शेत असेल तर तो सोनं आहे. दुसऱ्या मजल्यावर, खाली रस्त्यावर मांजरं आणि शेळ्या दिसत असताना, तो कुढतो किंवा सुटून पळतो. अनोळखी माणसांशी तो अंतर राखून असतो, लहान मुलांचा धसमुसळेपणा त्याला आवडत नाही. तुमचं गावाकडे जाणं-येणं असेल तर तिथे ठेवा, फ्लॅटमध्ये नको.

बीगलचा आवाज शेजाऱ्यांना सोसणार नाही. आपल्याकडे 'पॉम' म्हणून मिळणारा पांढरा कुत्रा बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. चपळ, हुशार, पण भुंकरा आणि केसाळ. रॉटवायलर, पिटबुल वगैरेंचा विचार सहा वर्षांचं मूल आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आजी असलेल्या घराने करूच नये.

एवढं लिहिल्यावर ब्रीडबद्दलची एक मोठी गोष्ट सांगायला हवी. 2022 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून त्यांच्या वागण्याची माहिती घेतली, त्यातल्या दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं तपासली. निष्कर्ष असा की एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, यातला सुमारे 9 टक्के भागच जातीने समजतो. आकार, केस, नाकाची ठेवण, सांध्यांचे आजार, हे जातीवरून बऱ्यापैकी सांगता येतं. हा विशिष्ट कुत्रा तुमच्या घाबरट मुलाशी कसा वागेल, हे जातीच्या नावावरून सांगता येत नाही. माझ्या टेबलावरचा अनुभव याहून वेगळा नाही. चावरे लॅब मी हाताळलेत, आणि इंजेक्शन देताना माझ्याच हातावर हनुवटी टेकवून बसणारे शेफर्डही. म्हणून ब्रीडवरून मी फक्त गाळणी लावते: कोणता कुत्रा तुमच्या घराला शरीराने परवडणार नाही, ते वगळायचं. उरलेल्यांतून निवड त्या एका कुत्र्याला प्रत्यक्ष बघून करायची.

प्रत्यक्ष बघूनच निवडायचं तर पिल्लू घेण्यात अर्थ उरत नाही. इथे बहुतेक कुटुंबं माझ्याशी वाद घालतात, कारण सगळ्यांना पिल्लूच हवं असतं. तुमच्या घरात पिल्लू आलं तर काय होईल ते बघा. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू जागं असताना दर दोन तासांनी शू करतं. झोपून उठलं की करतं, खाल्लं की करतं, खेळलं की करतं. तुम्ही घरी नसताना ते पुसणार कोण? नवा गुडघा बसवलेल्या आई. गुळगुळीत टाइल्स, त्यावर ओलं, आणि पायात घुटमळणारं पिल्लू. घसरून पडण्याची भीती मला चावण्याच्या भीतीपेक्षा जास्त वाटते. शिवाय चार ते सात महिन्यांत दात बदलतात तेव्हा पिल्लू हात, ओढणी, पायजम्याची कड, सगळं तोंडात धरतं. तुमच्या मुलाला ते चावणंच वाटणार, आणि सुयांसारखे ते दात खरोखर लागतात. आधीच घाबरलेलं मूल पलंगावर चढून बसेल आणि पिल्लाला तो खेळ वाटेल. अशी सुरुवात झालेली मुलं पुढे वर्षानुवर्षं कुत्र्यापासून लांब राहतात.

दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचं तसं नसतं. त्याचा आकार तेवढाच राहणार, स्वभाव दिसतोय, बहुतेक वेळा बाहेर शू करायची सवय आहे, दुपारभर झोपतो. 'मोठा कुत्रा आपला होत नाही' ही समजूत मी रोज खोटी ठरताना बघते. दोन-तीन महिन्यांत तो दाराशी तुमच्या गाडीचा आवाज ओळखायला लागतो.

तर माझा सल्ला: 2 ते 4 वर्षं वयाची, 12 ते 18 किलो वजनाची, नसबंदी आणि लसीकरण झालेली गावठी फिमेल, जी आधी एखाद्या घरात राहिलेली आहे. केस आखूड, ऊन सोसणारी, जातिवंत कुत्र्यांच्या सांध्यांच्या भानगडी तिच्यात कमी. फिमेल एवढ्यासाठी की गावठीत ती आकाराने थोडी लहान असते आणि जागोजागी शू करून खुणा करत फिरण्याचा प्रकार कमी असतो. नसबंदी झाली असली की सहा-सहा महिन्यांनी हीटवर येणं नाही, गर्भाशयात पू होण्याचा धोका नाही. मात्र गावठी म्हणजे आपोआप शांत, असंही धरू नका. लहानपणी माणसांचा सहवास न मिळालेली गावठी कुत्री फ्लॅटमध्ये आयुष्यभर भेदरलेली राहते. म्हणून 'घरात राहिलेली' ही अट महत्त्वाची. सोलापुरात रस्त्यावरची जखमी किंवा सोडून दिलेली कुत्री घरी सांभाळून, बरी करून मग देणारी माणसं आहेत. कुठल्याही दवाखान्यात विचारलंत तर त्यांचा पत्ता लागतो. बदली झाली, परदेशी चाललो, म्हणून कुत्रा देणारी कुटुंबंही असतात.

बघायला जाल तेव्हा घाई नको. पहिल्यांदा तुम्ही आणि आई जा, मुलाला नेऊ नका. आईंना खुर्चीवर बसू द्या आणि कुत्रीला स्वतःहून येऊ द्या. ती हळू येऊन हुंगते, अंग सैल आहे, कान आणि शेपूट मोकळी आहेत, पाठ खाजवली की टेकून बसते, हात काढला की पुन्हा मागते: चांगलं लक्षण. उडी मारून मांडीवर चढते: प्रेमळ असेल, पण आईंसाठी नको. कोपऱ्यात जाऊन डोळ्यांचं पांढरं दाखवत बघते, ओठ चाटते, सारखी जांभया देते, हात नेला की दगडासारखी स्तब्ध होते: तिला अजून वेळ हवाय, आणि तुमच्याकडे लहान मूल आहे. मग एखादं स्टीलचं ताट फरशीवर पडू द्या, तिच्यापासून जरा लांब. सगळीच कुत्री दचकतात. किती वेळात ती सावरते आणि ताटाकडे हुंगायला येते, ते बघा. आपल्या गावात गणपतीच्या मिरवणुका आहेत, दिवाळी आहे, जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं. मिनिटभरात सावरणारी कुत्री आणि तासभर पलंगाखाली थरथरणारी कुत्री, यांच्यासोबत राहणं फार वेगळं. काही खात असताना तिच्या शेजारून चालत जा. ताठ होऊन गुरगुरली तर मुलाच्या घरासाठी ती नाही. हे सगळं एका भेटीत उरकू नका. दुसऱ्यांदा वेगळ्या वेळी जा, मुलीला न्या. तिसऱ्यांदा मुलगा.

मुलासाठी एवढंच करा: त्याला कुत्रीकडे तोंड करून उभं करू नका. तो तुमच्या शेजारी बसून चित्रं काढू दे, कुत्री खोलीच्या दुसऱ्या टोकाला पट्ट्याला. हात लाव म्हणून आग्रह कुणीही करायचा नाही, आजोळच्या पाहुण्यांनीही नाही. काही भेटींनी तोच विचारेल. मग खाऊ उघड्या तळहातावर ठेवून द्यायला शिकवा. तीन नियम दोन्ही मुलांना पाठ हवेत: ती खाताना जवळ जायचं नाही, झोपलेली असताना हात लावायचा नाही, मिठी मारायची नाही. लहान मुलांना चावे बहुतेक ओळखीच्याच कुत्र्यांचे बसतात, आणि चेहऱ्यावर, कारण मूल मिठी मारायला वाकतं. सहा वर्षांचं मूल आणि कुत्रा, कितीही गुणी असो, खोलीत दोघंच ठेवायचे नाहीत. दुपारी मुलं घरी आल्यावर हे आईंनाच बघायचंय, म्हणून मधल्या दाराला लहान मुलांचं अडसर-गेट बसवा. कडी उघडायला वाकावं लागणार नाही अशा उंचीचं.

तेच गेट देवघरालाही. पहिल्या दिवसापासून कधीच आत न गेलेली कुत्री दोन आठवड्यांत उंबऱ्यापाशी थांबायला शिकते. फक्त घरातल्या पाचही जणांनी एकच नियम पाळला पाहिजे. मुलगी गुपचूप आत घेणार आणि आई हाकलणार, असं झालं तर कुत्रीला काहीच कळत नाही आणि आईंना वाटतं, आपलं कुणी ऐकत नाही.

मिसेसच्या शिंकांबद्दल जपून बोलते. कुत्र्याची ॲलर्जी केसांमुळे कमी, लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे जास्त होते. त्यामुळे 'केस गळत नाहीत म्हणजे ॲलर्जी नाही' असं सांगून विकलेला कुत्रा फसवणूक आहे. पूर्णपणे ॲलर्जीमुक्त अशी कुठलीही जात नाही. त्यांना फक्त धुळीची ॲलर्जी आहे की प्राण्यांचीही, हे आधी कळायला हवं. ज्या मैत्रिणीकडे कुत्रा आहे, तिच्या घरी त्यांनी आठवड्यातून तीन-चारदा तास-दोन तास बसावं. डोळे खाजले, छाती भरली, तर डॉक्टरांना दाखवून ॲलर्जीची तपासणी करून घ्यावी आणि निर्णय थांबवावा. आणि केस? आखूड केसांचेही गळतात, फक्त झाडूत येतात, सोफ्यात रुततात कमी. आठवड्यातून दोनदा रबरी ब्रश गॅलरीत. रोज आंघोळ नको, तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरते. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या आपल्या गावात हेही लक्षात घेण्यासारखं.

खाण्याचं आईंशी नक्की बोला, कारण आजीच्या हातचं खाणं कुत्र्याला सगळ्यात जास्त मिळतं. भाकरी चालते, पण नुसत्या दूध-भाकरीवर कुत्र्याचं पोषण होत नाही, आणि मोठ्या कुत्र्यांना दुधाने जुलाबही होतात. घर शाकाहारी असेल तर चांगलं डॉग फूड आणा. अंडं चालत असेल तर उत्तम. आपल्या घरांतले धोके वेगळे आहेत. शेंगा चटणीत लसूण असतो, भाज्यांत कांदा. दोन्हींमुळे कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आपला जिल्हा द्राक्षांचा, घरोघरी द्राक्षं आणि बेदाणे वाटीत ठेवलेले असतात. द्राक्षाने किंवा बेदाण्याने काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात, आणि किती खाल्ल्याने, याचा भरवसा नाही. एकही देऊ नये. चॉकलेटही नाही. शिजवलेली हाडंही नाहीत.

पैशांचं थोडक्यात. 30 हजार कुत्रा विकत घेण्यात घालू नका. त्यातले थोडे पहिल्या तपासणीला, रक्ताच्या चाचणीला, रेबीज आणि इतर लसींना, गोचिडीच्या औषधाला, गेटला, हार्नेसला जातील. उरलेले आजारपणासाठी बाजूला ठेवा. रेबीजची लस दरवर्षी, चुकवायची नाही. हा आजार एकदा दिसायला लागला की माणसालाही वाचवता येत नाही. कुणाला दात लागलाच, तर घरचा कुत्रा आहे म्हणून सोडून न देता जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे. मुलीच्या हट्टापुढे शेवटी विकतचंच पिल्लू घ्यायचं ठरलं, तर 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरकडे नोंदणी असावी लागते, एवढं विचारा. आणि पिल्लाची आई बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आई दाखवायला टाळाटाळ करतात तिथून उठून या.

माझं उत्तर कशाने बदलेल तेही सांगते. सकाळ-दुपार फिरवायला विश्वासू माणूस मिळाला, तर दुपारचा भार हलका होईल आणि आकाराची अट थोडी सैल करता येईल. तुम्ही तळमजल्यावर राहायला गेलात तर पाच-सहा वर्षांचा, शांत झालेला लॅबही विचारात घेता येईल. आईंना मांडीवर बसणारं लहानच जनावर हवं असेल आणि घरात दुपारभर कूलर किंवा एसी चालत असेल, तर मोठा झालेला शिह त्झू जमू शकतो. त्याचे केस फारसे गळत नाहीत पण दर महिन्याला कापावे लागतात, आणि उन्हाळ्यात डोळ्यांत तेल घालून जपावं लागतं. सोसायटीची काळजी असेल तर एवढं सांगते की पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी सोसायटीला घालता येत नाही. तरी खालच्या मजल्यावरच्यांशी आधीच बोलून ठेवलेलं बरं.

आणि आई नको म्हणाल्या, तर? तर आत्ता घेऊ नका. त्या तोंडाने 'तुम्हाला हवं ते करा' म्हणतील, तो होकार समजू नका. त्यांच्यासमोर बसून स्पष्ट विचारा: दुपारी एकट्या असताना ही जबाबदारी तुम्हाला जमेल का, कुठली जमेल आणि कुठली नाही. त्यांनी पाणी देणं आणि सोबत बसणं कबूल केलं, आणि फिरवणं, साफसफाई, औषधं तुम्ही दोघांनी वाटून घेतली, तर पुढे जायला हरकत नाही. सकाळी सहाला आणि रात्री कोण खाली नेणार, हे कॅलेंडरवर लिहून महिनाभर कुत्र्याशिवायच पाळून बघा. त्या वेळेला नुसतं खाली जाऊन चक्कर मारून या. दुसऱ्या आठवड्यात कंटाळलात तर कुत्रा आणायची वेळ अजून आलेली नाही.

आणायची तर मे संपल्यावर, जूनच्या पहिल्या पावसानंतर आणा. तुम्ही दोघांपैकी एकाने आठवडाभर रजा टाका. दिवाळीच्या फटाक्यांआधी तिला चार-पाच महिने घरात रुळायला मिळतील. आईंशी बोलणं झालं की इथेच लिहा, आणि एखादी कुत्री नजरेत भरली तर तिचा पट्ट्याने चालतानाचा, खातानाचा आणि अनोळखी माणूस आल्यावरचा व्हिडिओ टाका. बघून सांगते.